काठाची मोजणी

समुद्र आम्ही पाहिला तो कॅलेंडरवर.
आमच्याकडे भीमा.
माचणूर मागं टाकून वळण घेते
आणि सरळ आमच्या बांधाच्या अंगावर येते.

तिच्या वाळूत सुभद्रामावशीची वाडी असायची.
माघात आळी खणायची, हातभर खाली ओल,
मूठभर शेणखत, दोन बिया.
चैत्रात टरबुजं अशी पडलेली असत
की रात्री बॅटरी मारली तर वाटावं
पाण्याला आलेल्या बाया
घागरी इथंच विसरून गेल्या.

मग वाळूला भाव आला.
बोटी आल्या, त्यांना सोंडा होत्या.
रात्रभर पाण्याखाली कुणी दळण दळतंय
असा आवाज, आणि पहाटे
बेगमपूरच्या पुलावरून हायवांची रांग, ठिबकत.

नदीला खड्डा बघवत नाही.
ती काठाचं काढते आणि तिथं घालते.

सोलापूरला प्यायला पाणी सुटलं
की आठवडाभर आमचा काठही पितो,
टम्म फुगतो.
वरनं दार बंद झालं, नदी उतरली,
की ते सगळं ओझं त्याच्याच अंगावर.
धप्प.
मावशी अंथरुणातनंच विचारते,
किती गेलं?

म्हणून मी खुंट मारते. दर पुनवेला, बाभळीचा,
लिंबाच्या बुंध्यापासून पावलं मोजून.
पहिला खुंट एकोणतीस पावलांवर होता.
तो गेला. बावीसचा गेला.
सतराच्या खुंटाला बिरप्पाची शेळी बांधलेली होती,
शेळी तेवढी वाचली.
सातबाऱ्यावर क्षेत्र आहे तेवढंच.
तलाठी भला माणूस, चहा पिऊन म्हणाला,
ताई, नदीनं नेलं असं लिहायला
रकानाच नाही.

मोटर तीनदा मागं घेतली.
पाइपाचे उरलेले तुकडे पडवीत आहेत,
पोरं त्यातनं एकमेकांशी बोलतात.
एक साहेब येऊन गेले, दगडी पिचिंग म्हणाले,
आकडा सांगितला,
मावशीनं तो दोनदा विचारला
आणि मग त्यांना पाणी दिलं.

युरियाची रिकामी पोती घरात होतीच.
मौला नदाफचा ट्रॅक्टर दारात उभा राहिला,
अर्धा ब्रास.
कुठली रे?
इथलीच की मावशी, कुठली असणार.
तिनं मूठभर उचलली, बोटांतनं सोडली,
आणि भाव करायला लागली,
आपल्याच नदीचा,
शंभर रुपये पाडून घेतले.

पोती भरली, तोंडं शिवली,
काठाला उतरती रचली, मधे मधे वाळ्याची रोपं.
माझी पाठ भरून आलेली,
आणि ही बसली पोत्यांना भोकं पाडत.
मी ओरडले, अगं वाळू गळेल!
ती अंगठ्यानं बी आत दाबत होती,
भोकाला दोन,
सवयीनं.

औंदा वेल पोत्यांवरनं खाली उतरले.
टरबुजं पाण्यावर लोंबतात,
जुन्या लुगड्याच्या झोळीत बांधलेली,
बारकी आहेत, फिकी आहेत,
बिरप्पा म्हणतो काकडीच म्हणा हिला.
तरी पोरं रोज वाजवून बघतात.
खालची रांग श्रावणात जाईल.
मावशीला ठाऊक आहे. खालच्या रांगेला
तिनं बी लावलेलंच नाही,
नुसता वाळा.

काल पुनव होती.
पावलं मोजली, साडेदहा भरली.
गेल्या खेपेला अकरा होती.
घरी येऊन सांगितलं, अकराच आहेत मावशी,
काठ थांबलाय.

ती चुलीकडं बघत होती.
म्हणाली,
चपला काढून मोज.